वॉरंट निघालंय असं कळलं तर पहिले दोन दिवस काय करायचं? (जामीन, जामीनदार, कागदपत्रं)

येरळाकाठ
आपल्या सातारा-सांगलीकडं वॉरंट हा शब्द कानावर पडला की ज्याच्या नावानं ते निघालंय तो पाहुण्यांच्या गावाला जातो आणि घरचे 'पोलिसांत कोण ओळखीचं आहे' ते शोधायला लागतात. दोन्हीतून नुकसानच होतं असं माझं ठाम मत आहे. वॉरंट कोर्ट काढतं, पोलीस ते फक्त बजावतात. ठाण्यातल्या कुणी कितीही मनावर घेतलं तरी ते रद्द होत नाही, आणि लपण्यात घालवलेला प्रत्येक दिवस पुढं जामिनाच्या वेळी आडवा येतो.

म्हणून हा धागा. वॉरंटचे प्रकार, कोर्टात हजर कसं व्हायचं, जामीनदाराला काय लागतं, कुठं अडतं, हे जाणकारांनी नेमकं लिहावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमांचे आकडेच अजून सगळ्यांच्या तोंडात आहेत. जमेल तिथं दोन्ही कलमं द्या.

प्रीतिसंगम
आधी कागद वाचायला शिका, निम्मी भीती तिथंच जाते.

वॉरंट लेखी असतं. त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का लागतो (कलम ७२, जुनं ७०). कोर्टाचं नाव, केस नंबर, आरोपीचं नाव-पत्ता, कलमं आणि अहवाल परत पाठवायची तारीख असते. आता शेरा बघा. 'अमुक रकमेचं बंधपत्र आणि इतके जामीनदार दिल्यास सोडावे, अमुक तारखेस कोर्टात हजर राहावे' अशी ओळ असेल तर ते जामीनपात्र वॉरंट (कलम ७३, जुनं ७१). मग हवालदारानं तिथंच जामीन घेऊन सोडायचं आणि कागद कोर्टाला पाठवायचे. ती ओळ नसेल तर अजामीनपात्र, ज्याला पेपरात पकड वॉरंट म्हणतात.

पोलिसांनी वॉरंटचा आशय सांगायचा असतो आणि मागितलं तर वॉरंट दाखवायचं असतं (कलम ७७, जुनं ७५). मागा. निदान केस नंबर आणि कोर्ट लिहून घ्या. 'करडच्या कोर्टाचं आहे' एवढ्या माहितीवर वकील काही करू शकत नाही.

प्रीतिसंगम
'कराडच्या' वाचावं. आणि वॉरंटवरची तारीख उलटली म्हणजे वॉरंट संपलं, हा समज फार पसरलाय. कोर्टानं रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते जिवंतच राहतं. पाच वर्षांपूर्वीचंही.

बेदाणा
चेक न वटल्याचा गुन्हा, १३८ चा, जामीनपात्र ना? मग तासगाव-सांगलीकडं व्यापाऱ्यांच्या नावानं अजामीनपात्र वॉरंट कशी निघतात? कोर्टाची चूक म्हणायची का ही?

फौजदारी_शाखा
चूक नाही. गुन्हा जामीनपात्र असणं वेगळं, वॉरंट जामीनपात्र असणं वेगळं. गुन्ह्याचा प्रकार कायद्यानं ठरलेला असतो. वॉरंटचा प्रकार त्या दिवशी कोर्ट ठरवतं, आणि ते बघून ठरवतं की माणूस बोलावल्यावर येतोय का.

क्रम असा. तक्रारीच्या केसमध्ये आधी समन्स. समन्स लागूनही आला नाही तर जामीनपात्र वॉरंट. तरी नाही, तर अजामीनपात्र. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात हाच क्रम सांगितला आहे. त्याही पुढं गेलं तर जाहीरनामा (कलम ८४, जुनं ८२): निदान ३० दिवसांची मुदत देऊन हजर व्हायला सांगतात. त्यासोबत किंवा त्यानंतर मालमत्तेची जप्ती (कलम ८५, जुनं ८३).

१३८ च्या केसमध्ये बहुतेकांचं चुकतं ते मधेच. पहिल्या तारखेला येतात, जामीन देतात, मग 'वकील बघतील' म्हणून घरी बसतात. एखाद्या तारखेला हजेरी माफीचा अर्ज पडत नाही आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) 'आरोपी गैरहजर' असं लिहिलं जातं. तिथून वॉरंट. हा अर्ज कलम ३५५ खाली (जुनं ३१७), त्या त्या तारखेपुरता असतो, आधीच्या तारखेचा पुढं चालत नाही. आदल्या संध्याकाळी वकिलांना फोन करून 'उद्या माफीचा अर्ज आहे ना' एवढं विचारलं तरी बरीच वॉरंटं निघणारच नाहीत.

हळदपेठ
येरळाकाठ, सरळ हजर व्हा म्हणणं सोपं आहे. अजामीनपात्र वॉरंटवर माणूस गेला आणि कोर्टानं आतच बसवला तर? मी तर म्हणेन, आधी अटकपूर्व जामीन, मग बाकीचं.

फौजदारी_शाखा
हळदपेठ, अटकपूर्व (कलम ४८२, जुनं ४३८) हा अजामीनपात्र गुन्ह्यात अटक होईल या भीतीसाठी आहे. चेकच्या केसमध्ये गैरहजेरीनं निघालेल्या वॉरंटला तो रस्ता नाही. ज्या कोर्टानं वॉरंट काढलं तिथंच हजर होऊन वॉरंट रद्दचा अर्ज द्यायचा.

आत बसवण्याची शक्यता नाही असं मी म्हणत नाही. ती कमी कशी करायची ते सांगतो. सकाळी कोर्ट बसतानाच जा, वकिलांना सोबत घेऊन. शुक्रवारी दुपारी चारला जाऊ नका, कागदात काही अडलं तर शनिवार-रविवार मधे येतो. अर्जात गैरहजेरीचं खरं कारण लिहा आणि पुरावा जोडा. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड असेल तर त्यावरच्या तारखा चुकलेल्या तारखेशी जुळतात का ते आधी बघा. 'आजारी होतो' असं मोघम लिहून मेडिकल भलत्याच महिन्याचं जोडलं की अर्ज तिथंच पडतो. खोटं मेडिकल तर अजिबात नको. जामीनदार बाहेर व्हरांड्यात बसलेला असावा, गावाहून निघालेला नव्हे. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, कोर्ट दंड किंवा समोरच्याचा खर्च भरायला सांगू शकतं.

स्वतःहून आलेला आणि पकडून आणलेला, या दोघांकडं कोर्ट सारख्या नजरेनं बघत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. एकदा जामीन घेऊन अटी मोडल्या असतील, तर जामीनपात्र गुन्ह्यातही पुढच्या वेळी कोर्ट जामीन नाकारू शकतं (कलम ४७८ (२)). शिवाय जामिनावर सुटून कारण नसताना न येणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २६९, एक वर्षापर्यंत शिक्षा.

हळदपेठ
पटलं. चेकपुरतं माझं म्हणणं मागे घेतो. पण गुन्हा दाखल झालाय, अटक व्हायचीय आणि कलम अजामीनपात्र आहे, तिथं अटकपूर्वच.

फौजदारी_शाखा
तिथं हो. सेशन कोर्टात किंवा उच्च न्यायालयात. फक्त ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ सारखी मनाई आहे का ते आधी बघायचं.

माणदेशी_माणूस
ऊसतोडीचा विषय कुणी काढला नाही. मुकादम उचल घेताना चेक देतो, टोळी येत नाही, इकडच्या कोर्टात १३८ दाखल होते आणि वॉरंट बीडला जातं. मग तिकडं पकडलेल्या माणसाला थेट वाळव्याला आणायचं की काय?

प्रीतिसंगम
वॉरंट भारतात कुठंही बजावता येतं (कलम ७९). पण जिल्ह्याबाहेर पकडलं तर, वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत किंवा तिथल्या मॅजिस्ट्रेटपेक्षा जवळ नसेल तर, आधी तिथल्या जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं (कलम ८२, जुनं ८०). आता कलम ८३ नीट वाचा. गुन्हा जामीनपात्र असेल आणि माणूस समाधानकारक जामीन द्यायला तयार असेल, तर त्या मॅजिस्ट्रेटनं जामीन घेऊन कागद मूळ कोर्टाकडं पाठवायचे. तिथं 'घ्यायचा' असं आहे, 'घेता येईल' असं नाही. बीडच्या माणसाला बीडचाच जामीनदार तिथंच देता येतो. हे ठाऊक नसल्यामुळं माणसं रात्रभर गाडीतून इकडं आणली जातात.

वाई_घाट
सगळे वॉरंटवर बोलताय, पण पोलिसांत गुन्हा दाखल झालेल्या केसमध्ये बहुतेक अटका वॉरंटशिवायच होतात (कलम ३५, जुनं ४१). घरच्यांनी दारात 'वॉरंट दाखवा' म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्याऐवजी हे विचारा.

सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर ३५ (३) ची नोटीस दिली होती का? (पूर्वीची ४१अ.) सर्वोच्च न्यायालयाच्या अर्णेश कुमार निकालापासून, म्हणजे २०१४ पासून, अशा गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही, अटक का गरजेची आहे ते लिहून ठेवावं लागतं. नोटीस आली तर तारखेला जा आणि हजर राहिल्याची नोंद मागा. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ते स्पष्ट केलं. कोर्टाचं समन्स मात्र इलेक्ट्रॉनिक मार्गानं येऊ शकतं, ते दुर्लक्षून चालणार नाही.

अटकेची कारणं लेखी दिली का, आणि कळणाऱ्या भाषेत? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे. त्या क्षणी शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडला उभं करण्याच्या निदान दोन तास आधी लेखी द्यावं.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारीच हवी, आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. साठीच्या पुढच्या किंवा अशक्त माणसाला, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, डीवायएसपींच्या परवानगीशिवाय अटक नाही. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, रविवार असला तरी.

कोयनेचं_पाणी
व्हिडिओ कॉलवर वॉरंट दाखवून 'डिजिटल अरेस्ट' सांगतात ते?

वाई_घाट
असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० ला कळवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगून ठेवा.

विजयनगर
आता माझा जिव्हाळ्याचा विषय, जामीनदाराचे कागद. जामीन मंजूर झाल्याची ऑर्डर हातात आहे आणि माणूस तरी आत आहे, याला बहुतेक वेळा कागदच कारण असतात.

शेतकरी जामीनदार असेल तर ताजा सातबारा, आठ-अ, आधार, रेशन कार्ड, फोटो. नोकरदार असेल तर ओळखपत्र आणि पगारपत्रक. काही कोर्टं तहसीलदारांचा ऐपतीचा दाखलाही मागतात. सगळ्याचे मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या.

अडतं कुठं? सातबारा हातात घ्या आणि तीन ठिकाणी बोट ठेवून बघा. पहिलं, खातेदाराचं नाव. उताऱ्यावर 'बाबू रामा' आणि आधारवर 'बाबुराव रामचंद्र' असेल तर दोन्ही एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते आदल्या दिवशीच करून ठेवा. दुसरं, खातं सामाईक आहे का. चार भावांच्या नावावर दोन एकर असेल तर जामीनदाराच्या वाट्याला अर्धा एकर धरतात, आणि रक्कम मोठी असेल तर तो पुरत नाही. तिसरं, इतर हक्काचा रकाना. सोसायटीचा, बँकेचा बोजा तिथं दिसतो. बोजा असला म्हणून जामीनदार बाद होत नाही, पण जमिनीच्या किमतीपेक्षा तो जड असेल तर कोर्ट विचारणारच. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर दुसरा जामीनदार तयार ठेवा, कारण तिच्या विक्रीवर बंधनं असतात.

यापूर्वी किती जणांना जामीन राहिलाय हे जामीनदाराला प्रतिज्ञेवर सांगावं लागतं (कलम ४८६, जुनं ४४१अ). ते लपवायचं नाही. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारी माणसं भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कागद बनावट निघाले तर नवीन गुन्हा अंगावर येतो.

औदुंबर
मग जामीन राहिलं आणि तो पळाला, तर जमीन जाते का? आमच्याकडं या एका भीतीनं सख्खे चुलतेसुद्धा मागं सरतात.

विजयनगर
औदुंबर, सही केली म्हणून जमिनीवर काही चढत नाही. जबाबदारी बंधपत्रात लिहिलेल्या रकमेपुरती असते. १५,००० लिहिलं असेल तर १५,०००. आरोपी आला नाही तर कोर्ट बंधपत्र जप्त करतं आणि जामीनदाराला नोटीस काढतं की ही रक्कम का वसूल करू नये (कलम ४९१, जुनं ४४६). त्या नोटिशीला हजर राहून उत्तर द्या. आरोपीला शोधायचा खरा प्रयत्न केल्याचं दाखवलं तर कोर्ट रक्कम कमी करू शकतं. ना उत्तर ना पैसे, असं झालं तरच दंडासारखी वसुली होते, आणि तीही झाली नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. मूळ गुन्ह्याची शिक्षा जामीनदाराला कधीच लागत नाही.

बंधपत्र जप्त व्हायच्या आधी जामीनदार वारला तर त्याच्या मुलाबाळांवर, इस्टेटीवर काही येत नाही. आणि माणसाचं लक्षण ठीक दिसेना झालं तर जामीन काढून घ्यायचा अर्ज केव्हाही देता येतो (कलम ४८९, जुनं ४४४). मग कोर्ट आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार द्यायला सांगतं. चुलत्यांना एवढं समजावून सांगा.

कोयनेचं_पाणी
परजिल्ह्यातला जामीनदार चालतो का? पाटणच्या माणसाला सांगलीत नातेवाईक नसतात.

विजयनगर
चालतो. १९७८ च्या मोतीराम निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेच म्हटलंय, जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारू नये. प्रत्यक्षात पडताळणीला वेळ जातो. तोवर रोख जामिनाची विनंती करा (कलम ४९०, जुनं ४४५). आपल्याकडं कोर्ट बऱ्याचदा काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन घेऊन सोडतं आणि त्या मुदतीत जामीनदार द्यायला सांगतं. पैसे नाझरकडं (कोर्टात पैसे भरून घेणारा कर्मचारी) भरले की मिळणारी मूळ पावती जपून ठेवा. केस संपल्यावर परत मिळवायला अर्जासोबत तीच लागते.

बेदाणा
सांगलीचं जेल अजून किल्ल्यातच आहे ना, जिथून वसंतदादा निसटले होते?

येरळाकाठ
हो, गणेशदुर्ग. २४ जुलै १९४३. त्यावर वेगळा धागा काढूया, मनापासून लिहीन. इथं जामिनावर राहू.

फौजदारी_शाखा
जेलचा विषय निघालाच आहे तर सुटकेच्या आदेशाचं सांगतो. बंधपत्र झालं की कोर्टातून जेलला मुक्ततेचा आदेश जातो. तिथला कारकून तो आदेश आणि माणूस आत आला तेव्हाचं कोठडीचं वॉरंट शेजारी शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडतो. नाव, वडिलांचं नाव, पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलमं. तपासात कलम वाढलं असेल आणि आदेशात जुनीच कलमं असतील तर आदेश परत येतो. म्हणून कोर्टातून निघण्यापूर्वी दोन मिनिटं उभं राहून तो कागद वाचा. संध्याकाळची बंदी झाल्यावर आदेश पोचला तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. दुसऱ्या केसमध्ये वर्ग करून घ्यायचं वॉरंट आलेलं असेल तर या जामिनावर माणूस सुटत नाही, त्या केसमध्ये वेगळा जामीन लागतो.

शिराळा_नाका
ज्याच्याकडं सातबाराही नाही आणि रोखही नाही, त्यानं काय करायचं? वीटभट्टीवरच्या मजुराला कोण जामीन राहणार?

वाई_घाट
शिराळा_नाका, हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता.

जामीनपात्र गुन्ह्यात ठाण्यातच जामीन मिळाला पाहिजे, आपण त्याला टेबल जामीन म्हणतो. अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असं कायदाच धरतो, आणि नुसत्या जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या बंधपत्रावर) सोडावं लागतं (कलम ४७८). अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही, तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिना झाला तरी जामीनदार नाही, तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. वकिलांनी अर्जात ती तारीख लिहावी.

कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांनाही नाही. हेल्पलाइन १५१००.

प्रीतिसंगम
त्यात मुदतीचा जामीन जोडा. दोषारोपपत्र ६० दिवसांत आलं नाही तर जामीन हक्कानं मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस (कलम १८७ (३), जुनं १६७). मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. पण अर्ज द्यावा लागतो, आपोआप सुटका होत नाही. ६१ व्या दिवशी सकाळी अर्ज पडला तर हक्क शाबूत राहतो. दुपारी जाऊ म्हटलं आणि तोवर दोषारोपपत्र दाखल झालं, तर गेला.

हळदपेठ
उच्च न्यायालयात जामीन मागायचा तर आता मुंबई गाठावी लागत नाही, हे नव्या लोकांसाठी लिहून ठेवतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडंच.

शिराळा_नाका
पोटगीचं वॉरंट असेल तरी हेच सगळं?

फौजदारी_शाखा
नाही ताई, ते वेगळं. पोटगीचं वॉरंट वसुलीचं असतं (कलम १४४, जुनं १२५). तिथं जामीनदार देऊन सुटत नाहीत, थकबाकी भरून सुटतात. न भरलेल्या महिन्यामागं एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आलं तरी थकबाकी फिटत नाही. बायकोच्या बाजूनं ध्यानात ठेवायचं ते हे की रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा लागतो.

येरळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नातलं एक राहिलंच. वॉरंट खरंच आहे की नुसतीच आवई, हे घरबसल्या कसं कळेल? आणि रद्द झाल्यावरही पोलीस पुन्हा दारात येतात, त्याचं काय?

विजयनगर
ई-कोर्ट्सचं ॲप घ्या. केस नंबर किंवा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाका. काहीच ठाऊक नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधा, जिल्हा आणि कोर्ट निवडून. केसच्या टप्प्यात समन्स, जामीनपात्र, अजामीनपात्र असं लिहिलेलं दिसतं. नाव इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगनं चढलेलं असतं, म्हणून दोन-तीन तऱ्हेनं टाकून बघा. सापडलं तरी वकिलांकडून रोजनामा बघून खात्री करून घ्या, नोंदी मागेपुढे होतात.

दुसऱ्याचं उत्तर असं. कोर्टात वॉरंट रद्द झालं तरी ठाण्यातला कागद आपोआप परत येत नाही. त्याच दिवशी रद्दच्या हुकुमाची प्रमाणित नक्कल मागा. वॉरंट विनाबजावणी परत मागवायचं पत्र कोर्टातून ठाण्याला गेलं का ते विचारा. मग नक्कल घेऊन स्वतः ठाण्यात जा, एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही अशी पोच घ्या. ती पोच लॅमिनेशन न करता घरात ठेवा आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये. लोकअदालतीत मिटलेल्या केसमध्ये तर हे नक्की करा. तिथं तडजोड झाली म्हणून सगळे निवांत होतात आणि जुनं वॉरंट ठाण्यात तसंच पडून राहतं.

औदुंबर
लॅमिनेशन का नको?

विजयनगर
मूळ शिक्का-सही तपासायची वेळ आली तर प्लॅस्टिकखाली नीट बघता येत नाही, आणि काढायला गेलं तर कागद फाटतो. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.